आभाळ आलेले बरे

स्कॉटलंडमधल्या पर्थमध्ये राहायला आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एकच चूक पुन्हा पुन्हा करत असे. सकाळी खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलेले दिसले, की शेजारच्या निवृत्त पोस्टमन आजोबांना मी कुंपणावरून उत्साहाने म्हणत असे, "आज हवा काय सुंदर आहे! नदीवर जाणार असाल ना?" त्यावर ते आभाळाकडे एक त्रासिक नजर टाकत, "अशा हवेत कोण जातो," एवढेच बोलत आणि गुलाबांच्या छाटणीकडे वळत. याउलट ज्या दिवशी ढग खाली उतरून समोरची टेकडी गिळून टाकत, पश्चिमेचा वारा सुटे आणि थोड्या थोड्या वेळाने एक सर येऊन जाई, त्या दिवशी हेच गृहस्थ शीळ घालत गाडीत काठ्या भरताना दिसत. "हवा चांगली आहे" या वाक्याचा स्कॉटलंडमधला अर्थ आपण कोणाला विचारतो यावर ठरतो, हे कळायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला. नेमके ज्यांना विचारावे ती माणसे कमरेइतक्या पाण्यात फ्लायची, म्हणजे गळावर पिसे आणि लव बांधून केलेल्या खोट्या किड्याची, काठी घेऊन उभी असतात, हे कळायला आणखी एक गेला.

खरे तर मला हे आधीच उमगायला हवे होते, कारण माझे आजोळ शास्त्री नदीच्या काठचे. मामा गरवायला निघाला की मीही त्याच्या मागे निघे. बांबूची काठी, तंगूस, गरीला टोचायला करवंटीत ओल्या मातीसकट घेतलेली गांडुळे, एवढाच सगळा सरंजाम. पण खरी धमाल मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात असे. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून थेट भातखाचरात मासे पाण्याच्या उलट चढू लागत, आणि सगळी वाडी कंदील आणि टोपल्या घेऊन त्या चढणीच्या माशांमागे धावे. पाऊस पडला की मासा निघतो, हे मला पर्थमध्ये कोणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. शहरात राहून मी ते विसरले होते, एवढेच.

सॅमन हा अखेर चढणीचाच मासा आहे. (आपल्याकडची हॉटेले रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून खपवतात, पण या दोघांचे नाते फक्त मेनूकार्डावरचे.) नदीत जन्मायचे, समुद्रात जाऊन वाढायचे आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परतायचे, असा त्याचा क्रम. उन्हाळ्यात पाणी ओसरलेले असले की तो मुखापाशी नाही तर एखाद्या खोल डोहात पावसाची वाट पाहत थांबतो. मग अटलांटिकवरून कमी दाबाचा पट्टा सरकत येतो, डोंगरावरच्या पीटच्या दलदली ओथंबतात आणि नदी एका रात्रीत फुगते. पाणी चढत असताना त्यात गवत, फांद्या, फेस असा सगळा कचरा वाहत असतो आणि तेव्हा काठी टाकण्यात फारसा अर्थ नसतो. वेळ साधायची ती पाणी उतरू लागताना, म्हणजे गढूळपणा खाली बसून त्याला कोऱ्या चहाचा रंग आला की. पश्चिम किनाऱ्यावरच्या आखूड नद्यांमध्ये ही वेळ काही तासांचीच असते. सकाळचा चहा रेंगाळत प्यायला, तर दुपारी नदीत पुन्हा नुसते गोटे दिसतात. पर्थवरून वाहणाऱ्या टे नदीचे तसे नाही. तिच्यामागे मोठमोठी सरोवरे असल्यामुळे ती सावकाश चढते आणि सावकाश उतरते. जागोजागी बसवलेल्या यंत्रांनी मोजलेली पातळी हल्ली मोबाइलवर दिसते, आणि लोक शेअर बाजाराचा आलेख पाहतात त्याच तन्मयतेने आजोबा त्या रेषेकडे पाहत बसतात. मजा अशी, की नदीत शिरलेला सॅमन काही खातच नाही. मग तो फ्लायला तोंड का लावतो? कोणी म्हणते रागाने, कोणी म्हणते लहानपणच्या सवयीने. आजोबा म्हणतात, "कंटाळ्याने."

त्यांनी मला शिकवायचे कबूल केले तेव्हा महिनाभर नदीजवळ फिरकूही दिले नाही. मागच्या हिरवळीवर, दोरीच्या टोकाला फ्लायऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव चाले. मामाच्या तंगुसाला शिशाचा गोळा असे. तो भिरकावला की दोर आपसूक त्याच्यामागे जाई. इथे सगळे उलटे असते. फ्लायला वजनच नसते. वजन असते ते जाड, गुळगुळीत, पिवळ्या दोरीला. ती दोरी डोक्यावरून मागे न्यायची, ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे आणायची. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. न थांबता घाई केली तर दोरी चाबकासारखी कडाडते आणि फ्लाय तुटून जाते. फार वेळ थांबले तर ती मागच्या झुडपात अडकते. लोकरीऐवजी खरी फ्लाय बांधायची परवानगी मिळाली त्याच दिवशी मी ती माझ्या कानाच्या पाळीत रुतवून घेतली. गळाला उलटा काटा नव्हता म्हणून ती अलगद निघाली. असे बिनकाट्याचे गळ माशाच्या सोयीसाठी वापरतात असे मी ऐकले होते, त्यात माझीही सोय होती.

स्पे नदीवर काठ उंच आणि मागे गर्द झाडी, त्यामुळे तिथे दोरी मागे न्यायला जागाच नाही. तिथल्या लोकांनी १९ व्या शतकात त्यावर उपाय काढला तो असा, की दोरी मागे उडवायचीच नाही. ती पाण्यावर टेकवून, तिचा फुगीर फास करून दोन हातांनी पुढे झोकून द्यायची. तेरा-चौदा फुटांची काठी घेऊन एखादा जाणता माणूस हे करतो, तेव्हा पाण्यावरून एक मोठा वेलांटीसारखा आकार उलगडत जाताना दिसतो. मी तो प्रकार अजून शिकतेच आहे. माझी वेलांटी बहुधा ऱ्हस्वच पडते.

आता उन्हाचे. ट्राउटला, म्हणजे सॅमनच्या इथल्या लहान भाऊबंदाला, पापण्या नसतात, त्यामुळे भर दुपारच्या उन्हात तो एक तर खोल जातो, नाही तर दगडाच्या आडोशाला. शिवाय शांत, आरशासारख्या पाण्यातून त्याला काठावरचा माणूस, त्याची टोपी आणि हवेत फिरणारी काठी असे सगळे दिसते. आभाळ भरून आले आणि वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उमटल्या, की ही खिडकी धूसर होते, वाऱ्याने उडालेले किडे पाण्यात पडू लागतात आणि मासा निर्धास्तपणे वर येतो. पण वाराही मापातच हवा. फार झाला तर दोरी तोंडावर येते. अजिबात पडला तर चिलटे येतात. डोंगराळ भागातली ही चिलटे डासाच्या पावपटही नसतात, पण दमट, निवांत संध्याकाळी त्यांचा असा ढग उठतो, की माणूस मासा सोडून पळत सुटतो. आजोबा कोटाच्या खिशात एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचे, बायकांसाठी म्हणून विकले जाणारे त्वचेचे तेल बाळगतात. चिलटांवर त्याच्यासारखे औषध नाही अशी इकडच्या मासेमारांची श्रद्धा आहे. मला विचाराल तर खरे औषध वाराच.

हिवाळ्यात, नदी बंद असताना, फ्लाय बांधायचे काम चालते. माझी आवडती फ्लाय म्हणजे बिबिओ. ऑगस्टमध्ये हेदरच्या झुडपांवर तांबड्या मांड्यांची एक काळी माशी उठते आणि वाऱ्याने सरोवरावर फेकली जाते. बिबिओ ही जवळजवळ तिचीच नक्कल. नखाएवढ्या गळावर आधी काळी लव वळायची, मध्ये कुंकवाच्या बोटाएवढा लाल पट्टा, पुन्हा काळी लव, वरून कोंबड्याच्या मानेचे काळे पीस गोल गोल गुंडाळायचे आणि चंदेरी तारेने आवळायचे. ही कोंबड्याची पिसे ज्या पाकिटातून आली, त्यावर 'इंडियन' असे छापलेले होते. मला गंमत वाटली, पण खरा धक्का पुढे होता. आजोबांनी एका जुन्या सिगारेटच्या डबीतून त्यांच्या वडिलांच्या सॅमनच्या फ्लाय काढून दाखवल्या. त्यातल्या 'जॉक स्कॉट' नावाच्या फ्लायच्या दोन्ही गालांवर एकेक विलक्षण पीस होते, काळसर, आणि मध्ये मेण ओतल्यासारखा चकचकीत पिवळट पांढरा ठिपका. जणू कोणी लाखेचा थेंब टाकून डोळा काढला होता. "जंगल कॉक," आजोबा म्हणाले, "तुमच्याकडचा पक्षी." तो आपला राखाडी रानकोंबडा होता. आंबा घाटात पहाटे ज्याचे तुटक आरवणे मी लहानपणी ऐकले होते, त्याच्या मानेची पिसे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बोटीत बसून इथे येत होती आणि इथले उमराव त्यांच्या जोरावर मासे पकडत होते. पुढे भारतातून ही निर्यात बंद झाली आणि आता पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात. ती डबी हातात धरून मी बराच वेळ बसले होते. उलट दिशेचाही प्रवास झालेला आहे. काश्मीरच्या ओढ्यांत आज जो ब्राउन ट्राउट आहे, त्याचे मूळ १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून नेलेल्या माशांमध्ये आहे.

इथले कायदे मला आधी चमत्कारिक वाटले. इंग्लंडमध्ये काठीचा सरकारी परवाना लागतो, स्कॉटलंडमध्ये तो नाही. पण सॅमन पकडण्याचा हक्क ही इथे स्वतंत्र मालमत्ता असते. काठची जमीन एकाची आणि पाण्यातल्या सॅमनचा हक्क दुसऱ्याचा, असेही असू शकते. त्यामुळे नदीच्या नामांकित टप्प्यांवरचा एक दिवस माझ्यासारखीच्या खिशाला झेपत नाही. ट्राउटसाठी मात्र गावोगावच्या मंडळांची पास पद्धत आहे आणि ती स्वस्त आहे. ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. सॅमनला रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी त्याला पकडणे बेकायदा आहे. आमच्या आजोळी सोमवारी मासा खात नसत, इथे रविवारी मासा धरत नाहीत. आजीला हे कळले असते तर तिने या देशाबद्दल जरा बरे मत करून घेतले असते.

पर्थच्या वरच्या अंगाला टे नदीवर ग्लेनडेल्व्हिनचा टप्पा आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी तिथे जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सॅमन पकडला. काठीने पकडलेल्या सॅमनांत ब्रिटनमधला हा विक्रम अजून मोडलेला नाही. तिचे वडील गिली होते, म्हणजे सावकारांना मासे दाखवणारे, होडी वल्हवणारे नोकर. त्या संध्याकाळी होडीत बापलेक दोघेच होते आणि मासा दोन तासांहून अधिक वेळ त्यांना नदीतून ओढत होता. तो पुढे पर्थच्या इस्पितळात रुग्णांसाठी दिला गेला. शुद्धतावादी लोक लगेच सांगतात, की तो फ्लायवर नव्हता, लहान माशाच्या आमिषावर होता. बरोबर आहे. पण ब्रिटनमधला फ्लायवरचा सर्वांत मोठा सॅमन, ६१ पौंडांचा, १९२४ मध्ये डेव्हरॉन नदीवर पकडला गेला, आणि तो पकडणारीही बाईच होती. नदीवर कोणी मला "नवऱ्याबरोबर आलात का?" असे विचारले, की मी ही दोन्ही वर्षे सांगते.

माझा आवडता दिवस मात्र नदीवरचा नाही. गेल्या जुलैत आम्ही वायव्येकडच्या असिंटमध्ये आठवडाभर राहिलो होतो. तिथली जमीन म्हणजे अब्जावधी वर्षांचा करडा खडक आणि त्याच्या प्रत्येक खळग्यात साचलेले एकेक तळे. सरोवरांची नावे गेलिकमध्ये आहेत आणि कितीतरी नावांत 'ब्रेख्क' हा शब्द येतो. त्याचा अर्थ ठिपकेदार, आणि ट्राउटलाही तोच शब्द. आम्हाला मासेमारीचा पास ज्या संस्थेकडून मिळाला ती तिथल्या क्रॉफ्टरांची, म्हणजे आपल्या भाषेत कुळांची. या कुळांनी देणग्या गोळा करून १९९३ मध्ये राहती जमीनच जमीनदारीतून विकत घेतली. खोतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला तो पास घडी घालून पाकिटात जपून ठेवावासा वाटला.

त्या दिवशी सकाळी 'स्मिर' होती. स्मिर हा इकडचा शब्द. छत्री उघडावी तर पाऊस नाही आणि मिटावी तर अंग भिजते अशी जी अवस्था असते, तिचे हे नाव. आम्ही कोकणात तिला बुरंगट म्हणतो, आणि आजोबांना तो शब्द इतका आवडला, की दिवसभर ते होडीत "बुरंगट, बुरंगट" असे घोळवत होते. होडी वाऱ्याला आडवी सोडायची, मागून छत्रीसारखा एक कापडी नांगर पाण्यात टाकायचा म्हणजे ती सावकाश वाहते, आणि दोघांनी वाऱ्याच्या दिशेने पुढे फ्लाय टाकत राहायचे, ही इथली जुनी रीत. एका दोरीवर तीन फ्लाय असतात. सर्वांत वरची फ्लाय, दोरी ओढून घेताना शेवटी, लाटेच्या माथ्यावर नाचवायची. दहा वाजता ऊन पडले. डोंगर असे चकाकले, की मी काठी ठेवून बघतच राहिले, आणि मासे अर्थातच बंद झाले. मग ऊनही आहे आणि पाऊसही आहे, असा कोल्ह्याच्या लग्नाचा प्रकार झाला. मग सुइल्व्हेन डोंगराच्या अंगाने एक काळी भिंत आली आणि सरोवराचा रंग शिशासारखा झाला.

"आता," आजोबा म्हणाले.

पावसाचे थेंब पाण्यावर आपटत होते, त्यामुळे वरची बिबिओ मला धड दिसतही नव्हती. लाटेच्या पोटात काहीतरी पिवळे वळल्यासारखे झाले. मी नेहमीप्रमाणे घाईने काठी उचलली असती, पण हात गारठल्यामुळे एक क्षण उशीर झाला, आणि तोच उशीर बरोबर ठरला. काठी वाकली. मासा होडीखाली शिरला, पुन्हा बाहेर आला, एकदा हवेत उडाला. जाळ्यात आला तेव्हा तो वीतभराहून थोडा मोठा होता. पोट जुन्या पितळेच्या रंगाचे, पाठ शेवाळी, आणि कुशीवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडे, जणू प्रत्येक ठिपका वेगळा रेखाटून मग रंग भरला होता. पासाच्या नियमांत बसत होते म्हणून त्या दिवशीचे दोन मासे आम्ही ठेवले. आजोबांनी त्यांचा ओटच्या भरडीत घोळवून लोण्यात तळला. मी माझा हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून तळला, आणि जेवण संपायच्या आत आजोबांनी माझ्या ताटातला अर्धा नेला. दुपारी ढग गडगडले तेव्हा मात्र एका शब्दाची चर्चा न करता आम्ही काठाला लागलो होतो, कारण या काठ्या कार्बनच्या असतात आणि मोकळ्या पाण्यावर वीज त्याच काठ्या शोधते.

गेल्या काही उन्हाळ्यांत या सगळ्याला एक वेगळी बाजू आली आहे. २०२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये काठीने पकडलेल्या सॅमनांची संख्या, १९५२ पासून नोंदी ठेवायला लागल्यापासूनची, सर्वांत कमी भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. पकडलेल्या दहापैकी नऊहून अधिक सॅमन आता सोडून दिले जातात. अनेक नद्यांवर तसे करणे सक्तीचेच आहे. समुद्रात त्यांचे काय होते हा मोठा प्रश्न आहे, पण नदीतही पाणी तापते आहे. पाणी २० अंशांच्या वर गेले, की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि अशा पाण्यात झुंजवून सोडलेला मासा पोहत गेला तरी वाचेलच असे नाही. डी नदीच्या वरच्या अंगाला, उघड्या बोडक्या काठांवर, पाण्याला सावली मिळावी म्हणून हजारो झाडे लावली जात आहेत. झाडांना वाढायला वेळ लागेल.

म्हणून हल्ली आजोबांच्या कोटाच्या दुसऱ्या खिशात, तेलाच्या बाटलीच्या विरुद्ध बाजूला, दोरी बांधलेला एक तापमापक असतो. या जुलैत सलग आठ दिवस ऊन होते. पर्थच्या उद्यानात माणसे उघडी होऊन पहुडली होती, आइस्क्रीमच्या गाडीपुढे रांग होती आणि बातम्यांमध्ये 'सुंदर हवा' हा शब्द वारंवार येत होता. नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. काठ्या गाडीतच होत्या. आजोबांनी तापमापक पाण्यात सोडला, मनात शंभर मोजले आणि वर काढून डोळ्यांपाशी धरला. साडेएकवीस. त्यांनी तो रुमालाने पुसला, खिशात ठेवला आणि थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला. समोर पुलाखालच्या डोहात एक सॅमन उडाला आणि आडवा आपटला. आम्ही दोघांनीही एकाच वेळी तिकडे पाहिले आणि कोणीच काही बोलले नाही.

रात्री दोनच्या सुमारास कौलांवर आवाज झाला म्हणून मला जाग आली. आधी तुरळक, मोठे थेंब, मग झड. मी उठून मागच्या खिडकीपाशी गेले. पलीकडे आजोबांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता आणि ते पायजम्यावर कोट चढवून दारात उभे राहून बाहेर हात काढून बघत होते. मला पाहिल्यावर त्यांनी तोच हात हलवला. सकाळी मोबाइलवर पाहिले तेव्हा पाण्याची रेषा नुकती वर वळू लागली होती. चढेल, मग उतरेल, आणि मग चहाचा रंग येईल. परवा दुपार, असा माझा अंदाज होता. आजोबांचा होता परवा सकाळ.